आधी परतीची गाडी

(१९७५ च्या दहावीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘निवृत्तीनंतरचे छंद’. माझा छंद एकच, आणि तो निवृत्तीच्या पुष्कळ आधीचा. एसटीत बसायचं, एखाद्या फाट्यावर उतरायचं, डोंगर चढायचा, पलीकडच्या अंगाला उतरायचं आणि तिथून मिळेल त्या गाडीनं घरी यायचं. यातले ‘पलीकडच्या अंगाला’ हे शब्द महत्त्वाचे. आज त्याबद्दलच बोलतो. मधुमेह, गुडघे आणि नातवंडं यांवर माझ्याआधीचे वक्ते भरपूर बोलून गेले आहेत.

हा छंद मला लागला तो भूगोलाच्या सरांमुळे. सर इथे पहिल्या रांगेत बसलेत, त्यामुळे चुकलं तर ते दुरुस्त करतील. आपण आठवीत होतो. १९७३ चा जानेवारी, दुष्काळाचं वर्ष. दुसऱ्या तुकडीची सहल प्रासंगिक कराराची एसटी करून महाबळेश्वरला गेली होती आणि आपल्या वर्गणीत तेवढे पैसे जमले नव्हते. सर म्हणाले, “करार कशाला हवा? रोजची गाडी आहे की.” स्वारगेटला पहाटे आपल्याला रांगेत उभं केलं, सासवडच्या गाडीत कोंबलं आणि दिवेघाट चढून गेल्यावर झेंडेवाडीच्या फाट्यावर उतरवलं. रस्त्याकडेला दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत होती. आपल्यातल्या काही जणांच्या डब्यात शिरा होता. तो त्या दिवशी कुणाला नीट गेला नाही, एवढं मला आठवतं.

तिथून चालत मल्हारगड. लहानसा किल्ला, महाराष्ट्रात सगळ्यात शेवटी बांधलेला म्हणून सांगतात. पेशव्यांच्या तोफखान्याचे पानसे सरदार, त्यांनी १७५७ ते १७६० च्या दरम्यान बांधला. वर महादेवाचं आणि खंडोबाचं अशी दोन देवळं शेजारीशेजारी आहेत. हवा स्वच्छ होती, समोर पुरंदर आणि वज्रगड दिसत होते. सरांनी हातवारे करून भुलेश्वरची डोंगररांग, कऱ्हेचं खोरं असं सगळं दाखवलं. नकाशात पाहिलेली कऱ्हा खरी दिसली तेव्हा ती कोरडी होती.

आणि मग सर म्हणाले, “चला, आता या बाजूनं उतरायचं.” म्हणजे आलो त्या बाजूनं नाही, सोनोरीकडे. सोनोरीत पानशांचा वाडा पाहिला आणि तिथून सासवडपर्यंत चालत गेलो. काही मुलं रडकुंडीला आली होती. त्यातला एक पुढे सैन्यात कर्नल झाला. तो आज इथे आहे, म्हणून नाव घेत नाही. सासवडच्या स्टँडवर सरांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना मोजलं. एक्केचाळीस गेले, एक्केचाळीस आले.

त्या दिवशी झेंडेवाडीला उतरताना सरांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर प्रत्येकाला तळहातावर पेनानं सासवडहून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहायला लावल्या. “आधी परतीची गाडी लिहा, मग डोंगराकडे बघा.” सर, तुम्ही आम्हाला मोसमी वारे, खडकांचे प्रकार, शेतीचे प्रकार पुष्कळ शिकवलंत. माझ्याजवळ टिकलं ते हे एक वाक्य.

ते वाक्य माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं ते आपल्या वर्गातल्या दुसऱ्या एकानं. त्याचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर मला पुढे बोलता यायचं नाही, आणि तुम्हा सगळ्यांना ते माहीतच आहे. वहिनी आज आल्या आहेत, त्यांचे आभार मानतो.

आम्ही दोघं जवळपास चाळीस वर्षं असे हिंडलो. तो बँकेत, मी कारखान्यात. महिन्यातून एक सुट्टी जमायची. दोघांकडेही गाडी नव्हती आणि पुढे ऐपत झाल्यावरही या कामासाठी आम्ही ती कधी काढली नाही. कारण अगदी साधं आहे. गाडी पायथ्याला लावली की ती तुम्हाला खुंटीसारखी ओढून धरते. दावं लांब असलं तरी दावंच. कितीही फिरा, संध्याकाळी त्याच खुंटीपाशी यायचं. एसटीनं गेलेल्या माणसाचं मागे काहीच राहिलेलं नसतं. तो एका गावातून चढतो आणि दुसऱ्याच खोऱ्यात उतरतो, म्हणून डोंगर त्याला दोन्ही अंगांनी कळतो.

१९८४ ची गोष्ट सांगतो. तोरण्यावरून राजगड करायचा, एका दिवसात. पहाटेच्या गाडीनं नसरापूर, मार्गासनी करत वेल्ह्याला उतरलो. बिन्नी दरवाजातून तोरण्यावर, मेंगाईच्या देवळाशी न्याहारी, बुधला माचीवरून पलीकडे उतरलो आणि डोंगराच्या दांडानं राजगडाच्या संजीवनी माचीकडे निघालो. ही वाट तुमच्यापैकी काहींनी केली असेल. लांब आहे, पण चुकायला फारशी जागा नाही, राजगड समोर दिसत असतो. फक्त तो दिसतो तितका जवळ नसतो. अळू दरवाजाशी पोचेपर्यंत उन्हं कलली होती. पद्मावती माचीवर टाक्याचं पाणी प्यालो आणि चोर दरवाजातून गुंजवण्याकडे उतरायला लागलो तेव्हा मी विचारलं, “शेवटची गाडी किती वाजता?” त्यानं वेळ सांगितली. ती वेळ होऊन वीस मिनिटं झाली होती.

रागावलो नाही मी त्याच्यावर. संजीवनी माचीवर बसून बुरुज बघत राहण्यात अर्धा तास माझाच गेला होता. गुंजवण्यापासून साखरमार्गे मार्गासनीपर्यंत अंधारात चालत आलो. बॅटरीचे सेल संपत आलेले. मार्गासनीच्या फाट्यावर उभे होतो तर समोरून दिवे आले, पण पुण्याच्या बाजूनं. वेल्ह्याला जाणारी मुक्कामी गाडी होती. कंडक्टर म्हणाले, “आता पुण्याकडं काही नाही. इथं थंडीत काय करता? वेल्ह्याला चला, गाडीत झोपा, पहाटं हीच गाडी पुण्याला जाती.” म्हणजे सकाळी जिथून निघालो तिथेच रात्री परत! दोन किल्ले चढून-उतरून आम्ही वेल्ह्याच्या स्टँडवर, एसटीच्या लांब बाकावर झोपलो. ड्रायव्हर-कंडक्टरांनी त्यांच्या भाकरीतली एकेक भाकरी आम्हाला दिली, वर लसणाची चटणी आणि कांदा. पैसे घेतले ते फक्त तिकिटाचे, तेही दोन्ही वेळचे, चिमट्यानं टकटक वाजवून रीतसर पंच करून.

त्या रात्रीनंतर त्यानं वही घातली. दोनशेपानी, खाकी कव्हरची. प्रत्येक वाटेला एक पान. वर गावाचं नाव, मग पुण्याहून गाडी कधी सुटते, पलीकडच्या गावातून शेवटची कधी आहे, आणि एक रकाना होता ‘ती येतेच का?’ त्यात कुठे ‘हो’, कुठे ‘बहुधा’, एका ठिकाणी ‘पाऊस नसेल तर’. पुढे पाणी कुठे, सावली कुठे, कोणत्या वस्तीवर कुत्रं चावरं. चौकशीच्या खिडकीपेक्षा फाट्यावरच्या चहावाल्याला विचारावं, असं पहिल्याच पानावर लिहिलंय. ते मी आजही पाळतो.

२०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, तो गेला. आपल्यापैकी कुणालाच जाता आलं नाही. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. मला ते सोयीचंच वाटलं, खरं सांगतो. गाड्याच नाहीत, तर मग मी का जात नाही हे कुणाला सांगायला नको.

मध्ये एकदा मुलगा-सून मला त्यांच्या गाडीतून राजगडला घेऊन गेले. हौसेनं नेलं, माझी काळजीही चांगली घेतली. सुवेळा माचीवरच्या नेढ्यापर्यंत जाऊन आलो, पिठलं-भाकरी खाल्ली. निघताना मी म्हटलं, “पाली दरवाजानं उतरू या, वाट चांगली आहे, पायऱ्या आहेत, वाजेघरला निघतो.” मुलगा म्हणाला, “बाबा, गाडी गुंजवण्यात आहे.” त्याचं बरोबरच होतं. पण मला त्या क्षणी मित्राची जितकी आठवण आली तितकी गेल्या दोन वर्षांत आली नव्हती.

परत आल्यावर मी वहिनींना फोन केला आणि वहीबद्दल विचारलं. त्यांनी ती जपून ठेवली होती. मला देताना म्हणाल्या, “भाऊजी, यातल्या वेळा आता बरोबर असतील का?”

नाहीत. वहीत एकतीस वाटा आहेत. दोन वर्षांत मी त्यातल्या नऊ तपासल्या. नऊपैकी एकाच गाडीची वेळ जुळली. बाकी कुठे वेळ बदललीय, कुठे गाडी पुढच्या गावापर्यंत जायला लागलीय, आणि तीन ठिकाणी फेरी राहिलेलीच नाही. घरोघरी मोटारसायकली झाल्या, वडापवाले फाट्यावर थांबायला लागले. एसटीत बसायला माणूस नाही, की भारमान पडतं. भारमान पडलं की फेरी टिकत नाही. फेरी गेली की उरलेलाही मोटारसायकल घेतो. यात कुणा एकाला दोष देता येईल असं मला वाटत नाही. आपणही त्यातलेच आहोत. आज इथे किती जण बसनं आलात? हात वर करा. सर, तुमचा एकच हात दिसतोय.

वही तपासताना एक गोष्ट मला उशिरा कळली. त्या गावाचं नाव सांगत नाही. मी रविवारी गेलो आणि परतीला दोन तास ताटकळलो. शेवटी आलेल्या गाडीतल्या कंडक्टर ताई म्हणाल्या, “काका, रविवारी कशाला येता? या बाजूची गाडी पोरांच्या शाळेच्या वेळेवर असते. सुट्टीला फेऱ्या कमी.” चाळीस वर्षं आम्ही सुट्टीच्या दिवशी हिंडलो आणि सुट्टीच्या गाड्यांना नावं ठेवली! आमच्या दोघांच्या डोक्यात कधी आलं नाही, की ती गाडी मुळात आमच्यासाठी नाहीच.

पुढच्या वेळी बुधवारी गेलो. संध्याकाळी पलीकडच्या गावात रस्त्याला लागलो तर फाट्यावर दहा-बारा मुली दप्तरं घेऊन उभ्या. गावाकडच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत असतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावानं योजना आहे. एकीनं विचारलं, “आजोबा, कुणाकडं आलाय?” म्हटलं, “कुणाकडे नाही. डोंगराच्या पलीकडून चालत आलो.” ती म्हणाली, “मग चढायचं कशाला? गाडी पलीकडं पण जाते की!” मला उत्तर सुचलं नाही. मग गाडीत शेजारीच बसली. सातवीत आहे. मोठी बहीण हुशार होती म्हणाली, पण ती शाळेत असताना बराच काळ गाडीच नव्हती. रोज आठ किलोमीटर कोण आणून सोडणार? घरी बसली ती बसलीच. हे तिनं अगदी सहज सांगितलं, खिडकीतून बाहेर बघत.

आपण चार म्हातारे आठवड्यातून एकदा त्या गाडीत बसलो म्हणजे फेरी वाचते, असं मी म्हणत नाही. कारखान्यात हिशेब केलाय, आकडे मला कळतात. पण भारमान म्हणजे शेवटी बसलेली माणसंच, आणि आम्ही चौघं त्यात मोजले जातो. मोटारीत बसलो तर मोजले जात नाही.

आता थोडं कामाचं. आपल्या वयाला झेपतील अशा वाटा सांगतो. तोरणा-राजगड विसरा. राजगड २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, चांगलं झालं, तो एकटा करा आणि सावकाश करा.

सिंहगड सगळ्यांनी केलाय, पण बहुतेकांनी अर्धाच केलाय. स्वारगेटहून पन्नास नंबरची बस पायथ्याला, आतकरवाडीला सोडते. चढायला तरुण पोरांना पाऊण तास लागतो, आपल्याला दोन तास धरा. पुणे दरवाजातून आत जा, देवटाक्याचं पाणी प्या, मडक्यातलं दही खा. इथे सगळे मागे वळतात. तुम्ही वळू नका. कल्याण दरवाजा शोधा. एकामागोमाग एक असे दोन दरवाजे आहेत, त्यातून खाली कल्याण गावात उतरा. उतार मोकळ्या दगडांचा आहे, काठी हवीच. पायथ्याच्या गावातून कोंढणपूरपर्यंत रस्त्यानं निवांत चालायचं आणि कोंढणपूरहून पीएमपीच्या बसनं खेड-शिवापूर, कात्रज करत घरी. तुम्ही ज्या सिंहगडावर गेलात, तो उतरताना वेगळाच गड वाटतो. गर्दी पाठीमागे राहते आणि गुंजवणीच्या बाजूचे डोंगर समोर येतात. ज्यांना अजून दम आहे त्यांनी जुन्या कात्रज बोगद्याशी उतरून टेकड्या तुडवत सिंहगड गाठावा. तेरा टेकड्या म्हणतात, मी दर वेळी मोजताना नवव्या-दहाव्याला चुकतो. पण उन्हाळ्यात नको, वाटेत सावली नाही आणि पाण्याचा भरवसा नाही.

तिकिटाचंही सांगतो. आपण पासष्ट पूर्ण केली, म्हणजे एसटीत अर्धं तिकीट. मैत्रिणींना २०२३ च्या मार्चपासून वय न विचारता अर्धं आहे, तेव्हा त्यांनी वय लपवायला हरकत नाही. सर आणि बाई पंचाहत्तरीच्या पुढचे, त्यांना राज्यात कुठेही मोफत. ओळखपत्र मात्र खिशात हवं. पीएमपीचे नियम वेगळे आहेत, तिथे हे चालत नाही. आणि सुट्ट्या पैशांचं भांडण आता मोबाईलनं पैसे देता येतात म्हणून बरंच मिटलंय. मला त्या भांडणाची थोडी आठवण येते.

बावीस वाटा तपासायच्या राहिल्यात. माझ्या एकट्याच्यानं होणार नाहीत. मागच्या वर्षी गुडघ्यानं दोन महिने घरी बसवलं, तेव्हा हे नीट समजलं. मी वहीची एक प्रत काढली आहे, ती मागे चहाच्या टेबलावर ठेवलीय. ज्याला जे पान जमेल ते घ्या. जा, वेळा विचारा, खरंच गाडी आली का बघा आणि डाव्या बाजूला मोकळ्या जागेत आजची तारीख घालून लिहा. उजव्या बाजूचं त्याचं अक्षर खोडू नका.

सुरुवात सोप्या पानापासून करतोय, वहीतल्या पहिल्या. येत्या बुधवारी सकाळी सात वाजता स्वारगेटला, सासवडच्या गाड्या लागतात तिथे. मेट्रो आता थेट स्वारगेटला येते, त्यामुळे लांब राहणाऱ्यांना सबब नाही. तिकीट झेंडेवाडीचं मागा. मल्हारगड चढून सोनोरीला उतरू आणि सासवडला जाऊ. सोनोरीपासून ज्यांना चालवणार नाही त्यांच्यासाठी रिक्षा बघू, कर्नलसाहेब धरून. वहिनी येणार आहेत, मूळ वही त्यांच्याकडे असेल.

सरांना मी काल फोनवर विचारलं, तुम्ही येणार का? सर म्हणाले, “गडावर नाही येत. दुपारच्या गाडीनं सासवडला येईन आणि स्टँडवर बसेन. किती गेलात ते मला सकाळी फोन करून सांग. किती आलात ते मी मोजून घेईन.”